फेटची ‘मोलॅरिटी’ आणि ‘कॉन्सन्ट्रेशन’ : मोलच्या पुढचे सारे उत्तम, मोलपर्यंतचे काहीच नाही

अकरावी विज्ञान शाखेत नुकत्याच दाखल झालेल्या विद्यार्थ्याला रसायनशास्त्राची पहिली खरी अडचण अणुरचनेत किंवा सेंद्रिय संयुगांच्या नावांत येत नाही. ती येते मोल (पदार्थातील कणांची संख्या मोजण्याचे एकक) आणि द्रावणाची संहती (द्रावणात द्राव्याचे प्रमाण किती) यांच्या उदाहरणांत. सूत्र तोंडपाठ असते, कॅल्क्युलेटर हातात असतो, आणि तरीही उत्तर दहापट, हजारपट किंवा चक्क उलटे येते. नववीच्या ‘द्रव्याचे मोजमाप’ या पाठात मोलची ओळख झालेली असते, पण तेव्हा ती एका गुणाच्या प्रश्नापुरतीच असते. अकरावीत मात्र तोच मोल प्रत्येक प्रकरणात पुढे येतो आणि बारावीच्या ‘द्रावणे’ या प्रकरणात तर त्याच्यावाचून एक पाऊलही टाकता येत नाही. या अडचणीवर उपाय म्हणून शिक्षक आणि पालक हल्ली ज्या साधनांकडे वळतात, त्यांतले पुष्कळ वापरले जाणारे आणि पूर्णपणे मोफत असलेले साधन म्हणजे फेट या प्रकल्पाची ‘मोलॅरिटी’ आणि ‘कॉन्सन्ट्रेशन’ ही दोन सिम्युलेशन्स, म्हणजे संगणकावरचे आभासी प्रयोग. कनिष्ठ महाविद्यालयातील वर्गात ती दीर्घकाळ वापरल्यानंतरचे माझे मत पुढे मांडले आहे.

निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. ‘एका लिटरमागे किती मोल’ हे गुणोत्तर, म्हणजेच मोलॅरिटी, डोळ्यांना दिसावे यासाठी याहून चांगले साधन मला माहीत नाही. परंतु आपला विद्यार्थी जिथे प्रत्यक्षात अडखळतो, म्हणजे ग्रॅममधून मोलमध्ये जाताना, तिथे ही सिम्युलेशन्स पूर्णपणे गप्प आहेत. आणि एका ठिकाणी तर ती जे दाखवतात ते वास्तवापासून बरेच दूर आहे. हे ध्यानात ठेवून वापरली तर ती मोलाची आहेत. फळ्याला पर्याय म्हणून वापरली तर मात्र विद्यार्थ्याला सगळे समजल्याचा भास होतो आणि चाचणीच्या दिवशी तो भास उतरतो.

फेट हा अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर येथील प्रकल्प असून तो कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केला. वीमन यांना त्याच्या आदल्या वर्षी, २००१ मध्ये, बोस-आइन्स्टाइन संघनितावरील कामासाठी भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले होते. आरंभी प्रकल्प भौतिकशास्त्रापुरताच होता. नंतर त्यात रसायन, गणित, जीवशास्त्र आणि भूविज्ञान यांची भर पडली. सिम्युलेशन्स ब्राउझरमध्ये चालतात, त्यांसाठी नाव नोंदवावे लागत नाही, मध्ये जाहिराती येत नाहीत, आणि प्रत्येक सिम्युलेशन एका फाइलच्या रूपात उतरवून घेऊन इंटरनेटशिवायही चालवता येते. ज्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत संगणक आहे पण जोडणीचा भरवसा नाही, तिथे ही शेवटची सोय फार महत्त्वाची ठरते. फेटचे संकेतस्थळ आणि त्यावरील अनेक सिम्युलेशन्स मराठीतही आहेत. मोबाइलवर ती चालतात, मात्र पडदा आडवा धरावा लागतो आणि लहान पडद्यावर सरकपट्ट्या नेमक्या आकड्यावर थांबवणे जिकिरीचे होते. तंत्राविषयी एवढे पुरे.

आधी ‘मोलॅरिटी’ पाहू. पडद्यावर एक चंचुपात्र आणि दोन उभ्या सरकपट्ट्या दिसतात. पहिली पट्टी द्राव्याचे प्रमाण मोलमध्ये ठरवते आणि ते शून्यापासून १ मोलपर्यंत बदलता येते; दुसरी पट्टी द्रावणाचे आकारमान ठरवते आणि ते ०.२ लिटर ते १ लिटर या मर्यादेत राहते. संहती बाजूच्या रंगीत पट्टीवर दिसते. सर्वाधिक मोल आणि सर्वांत कमी आकारमान घेतले की ती पाच मोलरपर्यंत जाते. या सिम्युलेशनची सर्वांत शहाणपणाची गोष्ट अशी की ते उघडल्यावर आकडे दिसतच नाहीत. ‘काहीच नाही’ ते ‘भरपूर’ एवढेच लिहिलेले असते. आकडे हवे असतील तर चौकटीत खूण करावी लागते. मी वर्गात ती खूण सुरुवातीला मुळीच करत नाही. द्राव्य तेवढेच ठेवून आकारमान निम्मे केले तर रंगपट्टीवरचा बाण कुठे जाईल, हे विद्यार्थ्यांनी आधी सांगावे आणि मगच सरकपट्टी हलवावी, असा क्रम ठेवला की भागाकाराचा अर्थ सूत्राच्या आधी पोहोचतो. दोन्ही पट्ट्या एकाच वेळी निम्म्यावर आणल्या तर काय होईल, या प्रश्नावर वर्ग हमखास दोन गटांत विभागला जातो, आणि हा वाद शिक्षकाने न सोडवता बाणानेच सोडवावा, हे उत्तम.

द्राव्यांची निवडही विचारपूर्वक केलेली आहे. सरबताच्या पुडीपासून कोबाल्ट नायट्रेट, निकेल क्लोराइड, मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, पोटॅशियम पर्मँगनेट आणि पोटॅशियम डायक्रोमेटपर्यंतचे रंगीत पदार्थ यादीत आहेत. डायक्रोमेटसारखी षट्संयुजी क्रोमियमची संयुगे कर्करोगकारक आहेत. त्यांची तीव्र द्रावणे विद्यार्थ्यांच्या हातात देऊ नयेत आणि मोरीत ओतून तर मुळीच देऊ नयेत. इथे ती निर्धास्तपणे करता येतात आणि वाया काही जात नाही. यादीत गोल्ड क्लोराइडही आहे. त्याची सरकपट्टी वरपर्यंत नेली की चंचुपात्रात एक मोल, म्हणजे सुमारे ३०३ ग्रॅम गोल्ड क्लोराइड पडते आणि त्यात १९७ ग्रॅम सोने असते. जवळपास सतरा तोळे. हे गणित सांगितले की वर्गाची झोप उडते, आणि मोलर वस्तुमान, म्हणजे एका मोलचे ग्रॅममधील वस्तुमान, कशासाठी शिकायचे हा प्रश्न त्या तासापुरता तरी कोणी विचारत नाही.

संपृक्ततेची हाताळणीही चांगली आहे. पर्मँगनेट निवडले तर अर्ध्या मोलरच्या आसपास पोहोचताच द्रावण संपृक्त झाल्याचे पडदा सांगतो, तळाशी कण साचू लागतात आणि सरकपट्टी कितीही वर नेली तरी संहतीचा बाण हलत नाही. मोरचूद त्याहून पुढे, साधारण १.४ मोलरपर्यंत जाते. ‘मोल भागिले लिटर’ हे सूत्र विद्राव्यतेच्या मर्यादेतच खरे आहे, ही गोष्ट आपल्या उदाहरणसंग्रहांत क्वचितच सांगितली जाते आणि त्यामुळे विद्यार्थी दहा मोलर पर्मँगनेटचे उत्तरही निर्विकारपणे लिहून मोकळे होतात. सिम्युलेशनने त्यांना निदान असे उत्तर पाहून दचकायला तरी शिकवले आहे.

दुसरे सिम्युलेशन, ‘कॉन्सन्ट्रेशन’, माझ्या मते पहिल्यापेक्षा अधिक सरस आहे. इथे सरकपट्ट्यांऐवजी प्रत्यक्ष कृती आहेत. डबी हलवून घन द्राव्य टाकता येते किंवा ड्रॉपरने त्याचे तीव्र द्रावण सोडता येते. एका नळाने पाणी वाढवता येते, दुसऱ्या नळाने द्रावण काढून टाकता येते, बाष्पीभवन कमी-जास्त करता येते, आणि संहती मोजणाऱ्या मापकाची शलाका द्रावणात बुडवली की आकडा दिसतो. एवढ्या मोजक्या कृतींतून जे शिकवता येते, ते फळ्यावर शिकवायला मला पूर्वी बराच अधिक वेळ लागत असे.

त्याचे उत्तम उदाहरण म्हणजे द्रावण काढून टाकणारा नळ. पुढील प्रश्न मी दरवर्षी विचारतो : ०.२ मोलर द्रावण ५०० मिली आहे. त्यातील १०० मिली काढून टाकले, तर उरलेल्या द्रावणाची मोलॅरिटी किती? वर्गातील मोठा भाग ०.१६ असे उत्तर देतो, कारण काहीतरी कमी झाले म्हणजे संहतीही कमी झाली पाहिजे असे मनाला वाटते आणि ४०० भागिले ५०० हा भागाकार समोर सहज दिसतो. सिम्युलेशनमध्ये खालचा नळ उघडला की पातळी उतरत जाते, पण मापकाचा आकडा जागचा हलत नाही, रंगही तोच राहतो. त्याच वेळी दुसरा प्रश्न विचारावा : आता उरलेल्या ४०० मिलीमध्ये पाणी घालून पुन्हा ५०० मिली केले तर? या वेळी उत्तर खरोखरच ०.१६ येते. आधी चुकलेलाच आकडा दुसऱ्या प्रश्नाचे बरोबर उत्तर ठरतो, आणि दोन्ही कृतींतला फरक, म्हणजे पहिलीत मोल आणि आकारमान दोन्ही घटतात तर दुसरीत फक्त आकारमान वाढते, विद्यार्थ्याला आपल्याच चुकीच्या आधाराने कळतो. विरलनाचे ‘एम-वन व्ही-वन बरोबर एम-टू व्ही-टू’ हे समीकरण यानंतर लिहिले तर ते पाठ करावे लागत नाही, कारण त्याच्या दोन्ही बाजूंना मोलच आहेत हे आता दिसत असते. हे समीकरण केव्हा वापरायचे नाही, हेही त्यातूनच कळते; तटस्थीकरणाच्या उदाहरणात आम्ल आणि आम्लारी यांचे गुणोत्तर न पाहता ते सरसकट लावणारे विद्यार्थी शिक्षकांच्या चांगल्याच परिचयाचे असतात.

बाष्पीभवनाचा भागही असाच आहे. पाणी उडत जाते तशी संहती वाढते, मग संपृक्तता येते, आणि त्यानंतर पाणी उडतच राहिले तरी मापकाचा आकडा स्थिर राहून तळाशी घन पदार्थ वाढत जातो. बारावीत विद्राव्यतेचा समतोल शिकवताना मी याच दृश्याकडे परत येतो. एक बारीक सूचना अशी की या सिम्युलेशनमध्ये मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, हे रंगहीन द्राव्यही आहे, आणि शिक्षकाने एकदा तरी ते निवडावे. रंगीत द्रावणांवर विसंबलेल्या विद्यार्थ्याला मिठाच्या वेळी डोळ्यांनी काहीच कळत नाही आणि मापकावर अवलंबून राहावे लागते. संहती म्हणजे रंग नव्हे, हे तिथे आपोआप स्पष्ट होते.

आता तक्रारींकडे वळतो. पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार अशी की या दोन्ही सिम्युलेशन्समध्ये तराजू नाही. ‘मोलॅरिटी’मध्ये सरकपट्टी थेट मोलमध्ये आहे, ‘कॉन्सन्ट्रेशन’मध्ये डबी हलवली की द्राव्य पडते, पण किती ग्रॅम पडले हे समोरच्या मांडणीत दिसत नाही. जगात कुठल्याही प्रयोगशाळेत मोल मोजण्याचे भांडे नसते. आपण ग्रॅम मोजतो आणि त्यावरून मोल काढतो, जसे मोठ्या देवस्थानांत दानपेटीतली चिल्लर एकेक नाणे न मोजता प्रकारानुसार वेगळी करून वजनावरून मोजतात. एका मोलमध्ये नेमके ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण असतात. २० मे २०१९ पासून मोलची व्याख्याच या आकड्याने होते, त्यापूर्वी ती १२ ग्रॅम कार्बन-१२ मधील अणूंवरून होत असे. ही व्याख्या विद्यार्थ्याला पाठ असते. पण तराजूवर ठेवलेल्या पांढऱ्या भुकटीपासून त्या संख्येपर्यंत जाण्याचा मार्ग मोलर वस्तुमानातूनच जातो, आणि नेमका तोच टप्पा सिम्युलेशनने वगळला आहे.

हा टप्पा किती फसवा आहे हे मोरचुदाच्या उदाहरणावरून दिसते. प्रयोगशाळेतील निळ्या स्फटिकांच्या प्रत्येक एककात पाण्याचे पाच रेणू असतात आणि त्यांचे मोलर वस्तुमान २४९.७ ग्रॅम असते; निर्जल कॉपर सल्फेटचे १५९.६ ग्रॅम. २५० मिली, ०.१ मोलर द्रावण करायचे तर ०.०२५ मोल हवेत, म्हणजे निळे स्फटिक ६.२४ ग्रॅम. विद्यार्थ्याने स्फटिकजल विसरून ३.९९ ग्रॅम स्फटिक तोलले तर त्याच्या हाती ०.०६४ मोलरचे द्रावण येते आणि पुढची सगळी अनुमापने बिघडतात. ऑक्झॅलिक आम्लाचे प्रमाणित द्रावण हा तर नेहमीचाच प्रयोग. तिथे पाण्याच्या दोन रेणूंसह मोलर वस्तुमान १२६ धरून २५० मिलीसाठी ३.१५ ग्रॅम तोलायचे असतात. सिम्युलेशनमध्ये मोरचूद आहे, पण ते निर्जल की स्फटिकजलयुक्त, हा प्रश्नच तिथे उद्भवत नाही, कारण वजनच कुणी करत नाही. बाटलीतल्या द्रवांबाबतही हेच म्हणता येईल. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाच्या बाटलीवर ३६ टक्के आणि घनता १.१८ असे लिहिलेले असते. त्यावरून एका लिटरमध्ये सुमारे ४२५ ग्रॅम आम्ल, म्हणजे ११.६५ मोल, आणि म्हणून २५० मिली, ०.१ मोलर द्रावणासाठी सुमारे २.१५ मिली घ्यायचे, ही साखळी विद्यार्थ्याला कागदावरच करावी लागते. नॉर्मॅलिटी, मोलॅलिटी (एक किलो द्रावकामागचे मोल) आणि मोल-अपूर्णांक ही संहतीची इतर मापेही या सिम्युलेशन्सच्या कक्षेबाहेर आहेत. त्याबद्दल मात्र माझी तक्रार नाही, कारण एका साधनाने एकच गोष्ट नीट करावी.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे, जरी ती पहिल्या भेटीत कुणाच्या लक्षात येत नाही. ‘कॉन्सन्ट्रेशन’मध्ये घन द्राव्य कितीही टाकले तरी द्रावणाची पातळी वाढत नाही. म्हणजे सिम्युलेशन द्रावकाचे आकारमान आणि द्रावणाचे आकारमान एकच धरते. विरल द्रावणांसाठी हा फरक क्षुल्लक असतो, पण मिठासाठी तसे नाही. मीठ निवडून ते संपृक्त होईपर्यंत टाकत गेलात तर मापकावर सहाच्या थोडा वर आकडा येतो. आता प्रत्यक्ष गणित करा. संपृक्त मिठाच्या पाण्यात वस्तुमानाने सुमारे २६.४ टक्के मीठ असते आणि त्याची घनता सुमारे १.२ ग्रॅम प्रति मिली असते. एक लिटर द्रावणाचे वस्तुमान १२०० ग्रॅम, त्यात मीठ ३१७ ग्रॅम, आणि ५८.४४ ने भागले की ५.४ मोल. मग सहाच्या वरचा आकडा कुठून आला? १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळते. म्हणजे एक किलो पाण्यात ३६० ग्रॅम, म्हणजेच ६.१६ मोल. ही मोलॅरिटी नव्हे, मोलॅलिटी झाली. मापकाने ‘मोल प्रति लिटर’ असे लिहून प्रत्यक्षात जवळपास मोलॅलिटी दाखवली आहे.

हा दोष मला खटकतो, कारण आपल्याकडच्या विद्यार्थ्याची प्रात्यक्षिकातली नेहमीची चूक हीच आहे : मोजपात्राने २५० मिली पाणी घेऊन त्यात तोललेला पदार्थ टाकणे. खरी रीत अशी की पदार्थ थोड्या पाण्यात विरघळवून तो फ्लास्कमध्ये घ्यायचा, चंचुपात्र आणि नरसाळे धुऊन ते पाणीही त्यातच ओतायचे आणि मग मानेवरच्या खुणेपर्यंत पाणी भरायचे. त्या फ्लास्कवर तापमानही कोरलेले असते, आपल्याकडे पुष्कळदा २७ अंश सेल्सिअस, कारण आकारमान तापमानाने बदलते आणि त्यासोबत मोलॅरिटीही बदलते. यातले काहीही सिम्युलेशनमध्ये नाही. ‘मोलॅरिटी’ने निदान सरकपट्टीवर ‘द्रावणाचे आकारमान’ असे स्पष्ट लिहिले आहे, आणि या एका बाबतीत ते दुसऱ्याहून सरस आहे. मी या दोषाचा उपयोग बारावीच्या वर्गात करून घेतो : मिठाचा आकडा वाचायला सांगतो, घनता देतो, आणि मापक कुठे फसले ते शोधायला लावतो. परंतु हे शिक्षक सोबत असल्यामुळे शक्य होते. घरी एकट्याने सिम्युलेशन हाताळणाऱ्या विद्यार्थ्याला फसले आहे हे कळण्याचा कोणताच मार्ग नाही.

तिसरी गोष्ट रंगांची. पडद्यावरचे पर्मँगनेट फिक्या गुलाबीपासून गडद जांभळ्यापर्यंत क्रमाक्रमाने गडद होत जाते आणि तरीही पारदर्शक राहते. खऱ्या प्रयोगात ०.०२ मोलरचे द्रावणही इतके गडद असते की ब्युरेटमध्ये त्याच्या पृष्ठभागाची खालची वक्र कड दिसत नाही आणि वाचन वरच्या कडेवरून घ्यावे लागते. सिम्युलेशनवर तयार झालेला विद्यार्थी प्रयोगशाळेत आला की आपले द्रावण फारच तीव्र झाले, असे समजून घाबरतो. शिक्षकाने एक वाक्य आधी सांगून ठेवले तर हे टळते, म्हणून मी याला फार मोठा दोष मानत नाही.

मापकाची अचूकताही अपुरी पडते. पिण्याच्या पाण्यातील नायट्रेटसाठी भारतीय मानक ब्युरोची मर्यादा प्रति लिटर ४५ मिलिग्रॅम आहे. ६२ ने भागले की ०.७३ मिलिमोल, म्हणजे ०.०००७३ मोलर. तीन दशांश स्थळे दाखवणाऱ्या मापकावर याचे ०.००१ होते. गावच्या विहिरीच्या पाण्याच्या तपासणी अहवालातले आकडे ज्याला समजून घ्यायचे आहेत, त्याच्यासाठी हे साधन नाही.

कोणाला सुचवावे? नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला ‘कॉन्सन्ट्रेशन’ निःसंकोच द्यावे. तिथे आकड्यांपेक्षा कृती महत्त्वाच्या आहेत. अकरावीत दोन्ही द्यावीत, पण मोलर वस्तुमान आणि ग्रॅम-मोल रूपांतराची उदाहरणे हातून पुरेशी झाल्यानंतर, त्याआधी नव्हे. उलट क्रमाने दिली की विद्यार्थ्याला मोल ही सरकपट्टीवर आयती मिळणारी गोष्ट वाटू लागते. सीईटी किंवा नीटची तयारी करणाऱ्यांना त्यांचा थेट फायदा कमी आहे. तिथल्या प्रश्नांत टक्केवारी, घनता आणि मर्यादक अभिकारक यांची सरमिसळ असते आणि त्यासाठी कागद-पेन्सिलच हवी. मात्र ज्याचे विरलनाचे प्रश्न वारंवार चुकतात, त्याने अर्धा तास खालच्या नळापाशी घालवावा. शिक्षकांसाठी आणखी एक सूचना : हे सिम्युलेशन विद्यार्थ्यांच्या हाती देण्याआधी प्रश्नांचा एक कागद द्यावा. नुसते ‘खेळून बघा’ म्हटले की सगळा वर्ग चंचुपात्र काठोकाठ भरण्यात रमतो.

तराजूची उणीव भरून काढण्यासाठी मी सोबत ओआरएसची पुडी वापरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एका लिटरसाठीच्या पुडीत सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट डायहायड्रेट २.९ ग्रॅम आणि ग्लुकोज १३.५ ग्रॅम असते. सिम्युलेशनमध्ये जे नाही ते सगळे इथे आहे : ग्रॅम, स्फटिकजल आणि आयन. एकूण द्राव्य वीस ग्रॅमच्या आसपास असल्यामुळे लिटरभर पाणी आणि लिटरभर द्रावण यांतला फरकही इथे नगण्य राहतो, आणि संपृक्त मिठाशी त्याची तुलना करता येते. ग्लुकोजचे १३.५ भागिले १८० म्हणजे लिटरमागे ७५ मिलिमोल, हे बहुतेकांना लगेच जमते. मग सोडियम किती, असे विचारावे. मिठाचे २.६ भागिले ५८.५ करून विद्यार्थी ४४ मिलिमोलवर थांबतात, आणि सूत्राप्रमाणे उत्तर ७५ आहे असे सांगितले की पुन्हा पुडीकडे वळतात. उरलेले सोडियम सायट्रेटमध्ये आहे : २.९ भागिले २९४ म्हणजे जवळपास १० मिलिमोल, आणि प्रत्येक एककात सोडियमचे तीन आयन.